कॅचरची चौकशी

सोमवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि त्याच वेळी सुनेत्राचा दुसरा कॅचरही हातचा गेला. पहिला शनिवारीच गेला होता. त्याच्या कॉलेजनं कधी नव्हे ते सामने जिंकायचा सपाटा लावला आणि मुलगा काही सुटेना. हा दुसरा शेवटच्या सामन्यात अंगठा मोडून बसला होता. फोनवर त्याची आई रडवेली झाली होती. सुनेत्रानं तिला धीर दिला, मुलाला दूध प्यायला सांग म्हणाली, फोन ठेवला, गॅस बंद केला आणि वहीतल्या त्या नावावर आडवी रेघ ओढली.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी हेरन्सचा मोसमातला पहिला सामना होता. पंचवीस मुलं ठरली होती. कॅचर एकही नव्हता. बेसबॉल न कळणाऱ्या मराठी माणसांना ती नेहमी एवढंच सांगायची, की कॅचर म्हणजे विकेटकीपर, पण तीन तास उकिडवा बसणारा, आणि अख्ख्या संघात तोंड बाकी सगळ्यांकडे असलेला एकटाच. तो नसेल तर उरलेले आठ नुसते उन्हात उभे.

हेरन्स हा उन्हाळी संघ. निरनिराळ्या कॉलेजांत खेळणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलं सुट्टीतले दोन महिने इथे यायची, गावातल्या घरांमध्ये राहायची आणि लाकडी बॅटनं खेळायची. ही मुलं गोळा करायचं काम गेली वीस वर्षं कोच डोनाह्यू करत आला होता. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ मनानं मऊ होता आणि फोनवर बोलायचा त्याला भयंकर कंटाळा. या वर्षी ते काम सुनेत्रानं मागून घेतलं होतं. मागून, कुणी दिलं म्हणून नाही. डोनाह्यूनं डोकं खाजवत ते दिलं आणि वर सांगून ठेवलं (तो तिला सनीच म्हणायचा), "सनी, पहिल्या सामन्याला मैदानात पुरी माणसं दिसली तर हे काम तुझं. नाही दिसली तर पुढच्या वर्षी माझा भाचा करेल. त्याच्याकडे कॉम्प्यूटर आहे."

तिशीतला हा भाचा व्हिडिओ बघून मुलांना गुण द्यायचा, दशांश चिन्हानंतर दोन आकडे.

सुनेत्राचं स्वतःचं बेसबॉलचं शिक्षण मैदानाकडेच्या फळीवर बसून झालं होतं. नकुल सात वर्षांचा असताना त्याला सरावाला सोडायची तेव्हा नुसतं बसून काय करायचं म्हणून तिनं लायब्ररीतून पुस्तक आणलं, मग स्कोअर लिहायला घेतला. तेराव्या वर्षी नकुलनं बेसबॉल सोडला आणि रोबॉट करायला लागला. मुलगा सुटला, आई अडकली.

"झालं का कुंभमेळ्याचं?" नवरा अतुल चहाचा कप घेऊन आला. तो अजून आठवड्यातून तीन दिवस कंपनीत सल्ला द्यायला जायचा, उरलेले चार दिवस घरात द्यायचा.

"कॅचर गेला."

"दुसरा?"

"दुसरा."

"मग तिसरा बघ. तुमच्या त्या विटीदांडूत काय, कुणीही चालतं."

"तुला चालवलंच ना मी तीस वर्षं," सुनेत्रा म्हणाली आणि फोन उचलला.

तिची पद्धत साधी होती आणि ती मिरजेहून आली होती. तिथे तिची आत्या लग्नं जुळवायची. आत्याचं एक तत्त्व होतं, की स्थळाची चौकशी घरच्यांकडे करायची नाही, शेजाऱ्यांकडे करायची. घरचे मुलगा दाखवतात, शेजाऱ्यांना तो दिसलेला असतो. त्यामुळे सुनेत्रा मुलाच्या कोचचं ऐकून घ्यायची, आभार मानायची आणि मग दुसरीकडेच फोन लावायची. समोरच्या संघाचा कोच, बसचा ड्रायव्हर, मैदानावर पाणी मारणारा माणूस.

दुपारपर्यंत तिच्याकडे रिकाम्या कॅचरांची सहा नावं जमली. पाचवं होतं वेद धारप. जॉर्जियातलं छोटं कॉलेज, दुसरं वर्ष, घर अल्फारेटा. ते आडनाव तिनं खुशीत दोनदा वाचलं, मग स्वतःला दटावलं. आपला म्हणून घ्यायचा नाही आणि आपला म्हणून सोडायचाही नाही.

त्याचा कोच म्हणाला, चांगला मुलगा आहे, पण आमचा पहिला कॅचर शेवटच्या वर्षाला असल्यामुळे याला संधी फार मिळाली नाही. हे झालं घरच्यांचं. मग तिनं त्यांच्या प्रतिस्पर्धी कॉलेजच्या कोचला गाठलं. त्याला नाव आठवेना, पण मुलगा आठवला. "आमची पोरं त्या दिवशी बेस चोरत सुटली होती," तो म्हणाला. पिचर चेंडू टाकत असताना धावत सुटायचं आणि पुढचा बेस गाठायचा, ही चोरी नियमात बसते; चेंडू फेकून ती अडवणं कॅचरचं काम. "शेवटच्या दोन डावांत हा कॅचर आला. पहिला पळाला तो बाद झाला. मग कुणी जागचं हललंच नाही."

तिसरा फोन त्या कॉलेजात खेळाडूंचे कपडे धुणाऱ्या मिसेस प्रुइटना. त्यांनी आधी तीनदा विचारलं की तुम्ही नक्की कोण. मग म्हणाल्या, "तो? तो मोजे सुलटे करून टाकतो हो. मी बावीस वर्षं इथे आहे. असे दोन पाहिले."

सुनेत्रानं वहीत लिहिलं, मोजे सुलटे. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

वेदनं फोन पहिल्या घंटेला उचलला. ती बोलत असताना तो फक्त "येस, मॅम" म्हणत राहिला, पण प्रत्येक मॅम आधीच्यापेक्षा उंच. बुधवारी निघतो, गुरुवारी रात्री पोचतो, म्हणाला.

"जेवलास का?" तिनं मराठीत विचारलं.

"हो, काकू," तोही मराठीवर आला.

"आईबाबांना सांगितलंयस ना?"

"ते मी बघतो. आय गॉट दॅट, काकू."

इथे एखादीनं थांबायला हवं होतं. पण सुनेत्राचा नियम होता की करार पाठवायच्या आधी मुलाच्या आईशी बोलायचं. काय खातो, कशाची अ‍ॅलर्जी, झोपेत चालतो का. पंचवीस आयांचे नंबर तिच्या वहीत होते, त्यातल्या चौघी तर अधूनमधून उगाच फोन करायच्या. आणि ही तर मराठी आई. मुलगा वीस वर्षांचा आहे, सही त्याची तो करू शकतो, त्यानं "मी बघतो" म्हटलंय, हे सगळं तिला दिसत होतं. पण आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलानं "मी बघतो" म्हटलं की ते कुणी ऐकत नाही. तिनंही ऐकलं नाही.

वेदची आई वसुधा डॉक्टर होती. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तिनं फोन घेतला.

"नमस्कार, मी सुनेत्रा, मॅसॅच्युसेट्सहून बोलतेय. तुमच्या वेदला आम्ही मागणी घालतोय," सुनेत्रा खुशीत म्हणाली.

"अहो, तो वीस वर्षांचा आहे."

"लग्नासाठी नाही हो. बेसबॉलसाठी." आणि तिनं सगळं सांगितलं. शुक्रवार, कॅचर, राहायची सोय आमच्याकडेच, नकुलच्या खोलीत.

वसुधानं मधे एकदाही तोडलं नाही. डॉक्टरांची सवय. शेवटी म्हणाली, "सोमवारपासून वेद नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असणार आहे. माझ्या भावाकडे, केदारकडे. त्याच्याच औषधांच्या कंपनीत इंटर्नशिप आहे. केदारनं चार जणांपुढे शब्द टाकून मिळवून दिलीय."

सुनेत्राच्या हातातलं पेन थांबलं.

"हे त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?" वसुधानं विचारलं.

"नाही."

"आणि तुमचं मला सांगितलं नाही. म्हणजे आपण दोघी सारख्याच. बरं, माझा पेशंट थांबलाय."

वीस मिनिटांत वेदचा मेसेज आला. काकू, व्हाय वुड यू कॉल माय मॉम. पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. सुनेत्रानं त्याला फोन लावला.

"तुला न विचारता केला ही चूक माझी," ती म्हणाली. "ती मी मान्य केली. आता तुझी सांग."

"मी सांगणारच होतो. वेन्सडेला. फ्रॉम द रोड."

"गाडीतून? आईला? सहाशे मैल पुढे गेल्यावर?"

ती तेवढ्यावर थांबली नाही.

"आणि मामाला?"

"मामाला... आय डोन्ट नो, काकू. मामाशी असं कुणी बोलत नाही."

"वेद, ताशी नव्वद मैलांनी चेंडू येतो त्याच्यासमोर तू तोंड करून बसतोस."

"आय हॅव अ मास्क," वेद म्हणाला.

ती हसणार होती, पण सावरली.

संध्याकाळी तिनं वसुधाला पुन्हा फोन केला. अतुल सोफ्यावरून बघत होता. "पाया पडणार का आता?" त्यानं खुणेनं विचारलं. तिनं त्याच्याकडे पाठ केली.

"वसुधाताई, मी त्याला पाठवा म्हणायला फोन केलेला नाही. मी त्याची चौकशी केली होती, ती तुम्हाला सांगून टाकते. ती तुमची वस्तू आहे, माझ्याकडे ठेवून काय करू?"

"चौकशी कसली? तो खेळतच नाही हो. दोन वर्षं बाकावर बसलाय. आम्ही दोनदा गेलो बघायला, दोन्ही वेळा पाठ बघून परत आलो. वेदचा बाबा गिरीश तर म्हणाला, पाठ बघायला दीडशे मैल कशाला, घरीही तो पाठच करून बसतो."

मग सुनेत्रानं दुसऱ्या कॉलेजच्या कोचचं सांगितलं, की हा आल्यावर कुणी जागचं हललं नाही म्हणून. वसुधानं चोरी म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतलं. मग सुनेत्रानं मोज्यांचं सांगितलं.

वसुधानं लगेच विचारलं.

"सुलटे करून?"

"सुलटे करून."

"आमचा वेद?"

"बावीस वर्षांत दोन मुलं, त्या म्हणाल्या."

"माझ्या घरात त्याचे मोजे सोफ्याखाली सापडतात," वसुधा म्हणाली. आवाज जरा वेगळाच झाला होता. "एकेकटे." आणि मग, "बघते."

फोन ठेवल्यावर अतुल म्हणाला, "बघते म्हणाली ना? गेलं म्हणून समज. आपल्यात बघते म्हणजे नाही."

सुनेत्रानं वहीत कॅचरच्या रकान्यात वेद धारप असं लिहिलं. पेनानं.

मंगळवारी काही कळलं नाही. बुधवारी दुपारी डोनाह्यू भाच्याला घेऊन दारात उभा. भाच्याच्या हातात कॉम्प्यूटर, कॉम्प्यूटरवर ओहायोचा एक कॅचर. गुण त्र्याण्णव पूर्णांक चार सात. मुलगा लगेच निघायला तयार, फक्त गुरुवारी दुपारी बारापर्यंत त्याला हो किंवा नाही कळायला हवं. व्हिडिओत तो खरोखरच देखणा खेळत होता.

"उद्या बाराला सांगते," सुनेत्रा म्हणाली. ते दोघं गेल्यावर तिनं ओहायोच्या संघाच्या बस ड्रायव्हरला शोधून काढलं. तो सुरुवातीला फार चांगलं बोलला. मग म्हणाला, "सामना हरले की हेल्मेट फेकतो. एकदा माझ्या खिडकीला लागलं. सॉरी त्याच्या आईनं म्हटलं."

संध्याकाळी सलोनी आली. ही पलीकडच्या गल्लीतली, औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडेही हेरन्सची दोन मुलं राहिली होती. ती दारातूनच हसत आली.

"काकू, काय केलंत तुम्ही? मला अल्फारेटाहून फोन आला. कुणी डॉक्टर आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला त्यांनी. अर्धा तास तुमची चौकशी चालली होती."

सुनेत्रा खुर्चीत बसली. "काय सांगितलंस?"

"खरं तेच. पोरांना ताटं घासायला लावता. दहानंतर कुणाचा टीव्ही चालू देत नाही. एकाला दुसऱ्याच आठवड्यात परत पाठवलंत, कारण तो मैदानावर तिकिटं देणाऱ्या लाव्हालीआजींशी उद्धट बोलला."

"बरं केलंस."

"आणि तुमच्या आमटीत मीठ कमी असतं, हेही सांगितलं."

"ते कशाला?"

"त्यांनी विचारलं, काही दोष? मग काहीतरी सांगायला नको? नाहीतर विश्वास बसत नाही, यार."

अतुल आतून ओरडला, "दोषांसाठी मला का नाही विचारलं?"

"घरच्यांना विचारायचं नसतं," सुनेत्रा म्हणाली. मिरजेची आत्या असती तर तिनं वसुधाला साडी-चोळी दिली असती, असं तिला वाटून गेलं.

गुरुवारी सकाळी सातला वसुधाचा फोन. मागे गाडीचा आवाज.

"आम्ही निघालोय. मी आणि वेद. दुपारी कॅरीला पोचू, केदारकडे जेवायला."

"कॅरीला," सुनेत्रा म्हणाली.

"हो. मामाला त्यानं स्वतः सांगायचं, तोंडावर. सांगता आलं तर जेवून पुढे तुमच्याकडे. नाही सांगता आलं तर कपडे गाडीत आहेतच, तो तिथेच राहील आणि सोमवारी कामावर जाईल. मी मधे एक शब्द बोलणार नाही. त्यालाही हेच सांगितलंय."

"बरोबर आहे," सुनेत्रा म्हणाली. आणि तिला ते खरंच बरोबर वाटलं, हीच पंचाईत होती. आपण त्या जागी असतो तर हेच केलं असतं. फक्त आपल्याला कॅचर हवा नसता.

"शेजारी वेद बसलाय. काही सांगायचंय?"

"नको. त्याला आत्ता बोलायचा सराव करू दे."

बाराला पाच मिनिटं असताना डोनाह्यूचा फोन आला. ओहायोवाला वाट बघतोय. कॅरीतलं जेवण अजून सुरूही झालं नसेल. सुनेत्रानं घड्याळ बघितलं, वही बघितली. दोन रेघा ओढलेले मोजे बघितले. ज्याला कुणी बघत नसतानाही दुसऱ्याचं काम हलकं करायचं सुचतं, त्याला मामासमोर तोंड उघडायला किती वेळ लागेल? लागेल थोडा. पण लागेलच.

"ओहायोला नाही म्हणा," ती म्हणाली.

"सनी, तुझा मुलगा नक्की झाला?"

"नाही झाला."

"मग?"

"होईल."

डोनाह्यूनं फोनवर असा उसासा टाकला की तिला तो कानाला लागला. "उद्या बाराला लीगकडे नावं जातात."

"मला माहीत आहे कोच. कागद मीच पाठवते."

मग तिनं नकुलच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. खिडकी उघडली. कपाटातले रोबॉटचे हातपाय एका खोक्यात भरले. डाळीला फोडणी दिली, चव बघितली आणि चिमूटभर मीठ जास्त घातलं. अतुल तिच्या मागे मागे हिंडत होता.

"घाबरलीस?"

"नाही."

"मग उशीला अभ्रा तिसऱ्यांदा का घालतेयस?"

"तो उलटा होता."

अडीचला फोन वाजला. वसुधा नव्हती, वेद होता.

"काकू, सांगितलं."

"कधी?"

"बसायच्या आधी. नाहीतर जेवताच आलं नसतं." त्यानं श्वास घेतला. "मामा इज मॅड. अख्खं जेवण बोलला नाही. मामीनं तीनदा भात वाढला, मी तीनदा खाल्ला. मग मी मामाच्या बॉसला फोन केला आणि स्वतः सॉरी म्हटलं. ते आईनं नव्हतं सांगितलं."

"आणि मामा?"

"निघताना बाहेर आला. त्यानं विचारलं, मॅच ऑनलाइन दिसते का."

सुनेत्रानं खिडकीबाहेर बघितलं. मेपलच्या झाडाखाली शेजाऱ्यांचं कुत्रं झोपलं होतं. सगळं जसंच्या तसं होतं आणि फार छान दिसत होतं. "दिसते," ती म्हणाली. "लिंक पाठवते. आईला म्हणावं, गाडी सावकाश चालव. मेरीलंडच्या आसपास मुक्काम करा."

शुक्रवारी दुपारी साडेचारला जॉर्जियाची नंबर प्लेट असलेली निळी गाडी मैदानाबाहेर थांबली. वसुधा उतरली, तिनं पाठ सरळ केली आणि सुनेत्राला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, जणू सलोनीनं सांगितलेलं ताडून बघत होती. मग दोघी हसल्या. वेद मागून बॅग ओढत आला. खांदे रुंद, नजर खाली. तो वाकला, तसं सुनेत्रानं त्याला मधेच थांबवलं. गुडघे जपून ठेव, म्हणाली, आज कामाला येणार आहेत.

"काकू," तो हळूच म्हणाला, "नेक्स्ट टाइम, मला आधी फोन करा. आईच्या आधी."

"आईला मी करणारच," सुनेत्रा म्हणाली. "तिला माझ्या आधी कळवायचं असेल तर तू लवकर कर."

सहाला सामना सुरू झाला. दोघी होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, बरोबर मागे जाळीशी बसल्या. सुनेत्राच्या मांडीवर स्कोअरबुक, वसुधाच्या मांडीवर काहीच नाही आणि हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मास्क घातलेला वेद त्यांच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता.

"पुन्हा पाठच," वसुधा म्हणाली.

"या जागेवरून पाठच दिसते. पण बाकीचे सगळे त्याच्याकडे बघतायत, ते बघा."

दुसऱ्या डावात समोरच्या संघाचा एक लांबटांग्या मुलगा पहिल्या बेसवर पोचला आणि पिचरचा हात हलताच पळत सुटला. वेद कधी उठला आणि चेंडू त्याच्या हातातून कधी सुटला, हे वसुधाला दिसलंच नाही. तिला दिसला तो दुसऱ्या बेसपाशी धुळीत आडवा पडलेला मुलगा आणि 'बाद' म्हणत वर गेलेली पंचाची मूठ. डगआउटमधल्या बाकावरून डोनाह्यूनं मान वळवून सुनेत्राकडे बघितलं आणि टोपीचं टोक दोन बोटांनी खाली ओढलं. भाचा त्याच्या शेजारी काहीतरी टाइप करत होता.

चौथ्या डावात त्यांचा आणखी एक मुलगा पहिल्या बेसवर आला. हा आधीच्यापेक्षाही चपळ दिसत होता. दोन पावलं पुढे सरकला, वाकला, होम प्लेटकडे बघितलं आणि परत जाऊन बेसवर पाय रोवून उभा राहिला. पिचरनं चेंडू टाकला. तो हलला नाही. पुढचा टाकला, तरी हलला नाही.

सुनेत्रा हसायला लागली.

"काय झालं?" वसुधानं दचकून विचारलं.

"काही नाही झालं."

"मग हसताय का?"

सुनेत्रानं स्कोअरबुक तिच्या मांडीवर सरकवलं आणि पेन्सिल हातात दिली. "काही झालं नाही म्हणूनच. तो बघा, तो पळायला आला होता. आता उभा आहे."

वसुधानं त्या मुलाकडे बघितलं. मग समोरच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं.

"हे कुठे लिहायचं?" तिनं विचारलं.